बाई हलवू नका, बाटली हलवा

आमच्या लॅबच्या फळ्यावर एक नोटीस आहे. टाईप केलेली, खाली सही-शिक्का असलेली. 'विभागातील ज्या महिला कर्मचारी गरोदर आहेत अथवा ज्यांचा तसा विचार आहे, त्यांनी विभागप्रमुखांस आगाऊ कळवावे, म्हणजे त्यांना अन्य कामावर हलविता येईल.' वाचताना किती माया वाटते! मलाही पहिल्या दिवशी वाटली होती. मग 'ज्यांचा तसा विचार आहे' या शब्दांवर अडखळले. नवऱ्याशी अजून धड बोलणं झालेलं नाही, सासूबाईंना पत्ता नाही, आणि विभागप्रमुखांना आधी कळवायचं. मग पाळीची तारीखही फळ्यावरच लिहू का, असं आमच्यातली एक जण म्हणाली. आम्ही सगळ्या हसलो आणि आपापल्या मायक्रोटोमवर जाऊन बसलो.

आमच्यातली सर्वांत धाकटी त्या वेळी अकरा महिन्यांच्या करारावर होती. अकरा महिन्यांचा करार म्हणजे काय, हे तुमच्यातल्या अनेकींना समजावून सांगायला नको. तिला दिवस गेले तेव्हा तिनं नोटीस वाचली आणि गप्प राहिली. 'अन्य काम' हे कायम असलेल्यांसाठी असतं. करारावरच्या बाईचं अन्य काम म्हणजे घरी बसणं. पाचवा महिना लागेपर्यंत तिनं ॲप्रन सैल घातला आणि रोज सकाळी प्रोसेसरची भांडी बदलली. मुलगी झाली, गुटगुटीत आहे, आता शाळेत जाते. मी शोककथा सांगायला बसलेली नाही. शोककथा घडली नाही यात त्या नोटिशीचं काही कर्तृत्व नव्हतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

हे काम नेमकं काय, ते आधी सांगते. आमची ओळख कुणाला नसते. तुमच्या छातीत गाठ लागली, किंवा गर्भाशय काढलं, तर तो तुकडा फॉर्मॅलिनच्या डबीतून आमच्याकडे येतो. डॉक्टर तो पाहतात, कापतात, छोटे भाग निवडतात. पुढचं सगळं टेक्निशियनचं. मांसाचा तुकडा ओला असतो आणि ओल्या मांसाचा केसाहून पातळ काप निघत नाही. म्हणून त्यातलं पाणी काढायचं आणि जागी मेण भरायचं. पाणी काढायला अल्कोहोल, आधी सौम्य, मग चढत्या क्रमानं शुद्ध. पण अल्कोहोल आणि मेण एकमेकांत मिसळत नाहीत. दोघांशी जमवून घेणारा मध्यस्थ लागतो. तो मध्यस्थ म्हणजे झायलीन. झायलीन अल्कोहोलला बाहेर काढतं, तुकडा काचेसारखा पारदर्शक होतो, मग साठ अंशांच्या आसपास वितळलेल्या मेणात तो बुडवायचा. त्याचा ब्लॉक होतो, ब्लॉकचे चार-पाच मायक्रॉनचे काप, काप काचपट्टीवर. इथं संपलं असं वाटेल, पण नाही. आता तेच मेण रंग चढवण्याआधी काढायचं असतं, पुन्हा झायलीननं. रंग चढला की पाणी काढायचं, पुन्हा झायलीन. वर काच चिकटवायची ती डीपीएक्सनं, आणि त्या नावातला एक्स झायलीनचाच. एका गाठीच्या प्रवासात झायलीन तीनदा-चारदा भेटतं. दिवसाला शंभर ब्लॉक असतील तर किती, ते तुम्हीच मोजा.

आणि ही पुस्तकातली पद्धत झाली. प्रत्यक्षात झायलीन महाग पडतं म्हणून गाळून पुन्हा वापरतात, उघड्या फनेलमधून, वाकून. ओट्यावर सांडलेलं मेण झायलीनच्या बोळ्यानं पुसतात. हाताला लागलेला रंगही त्यानंच काढतात. मीही काढलेला आहे, कबूल करते. शिकवणाऱ्या बाईंनी तसंच शिकवलं होतं. हिवाळ्यात बोटांना भेगा पडत, त्यांत रंग शिरे, आणि घरी कणीक मळताना झोंबे. डोकं दुखणं हा तर आमच्या पगाराचाच भाग. दुपारी तीननंतर गरगरायला लागलं की 'जेवली नसशील नीट' म्हणायचं. बाईच्या दुखण्याला जेवण, झोप आणि पाळी ही तीन कारणं असली की चौथं शोधायची कुणाला गरज वाटत नाही.

झायलीनबद्दल खरं तेच बोलू, उगीच भुताटकी नको. त्यानं कर्करोग होतो असं सिद्ध झालेलं नाही. कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनं २००४ साली निर्विवाद कर्करोगकारकांच्या यादीत घातलं ते फॉर्मॅल्डिहाइड, म्हणजे आमची दुसरी सोबतीण, फॉर्मॅलिन. पण झायलीनची वाफ मेंदूवर आणि मज्जासंस्थेवर परिणाम करते, डोळे, नाक, घसा जाळते, कातडीतलं तेल ओढून घेते, आणि वारेतून गर्भापर्यंत पोचते, यावर वाद नाही. १९९४ साली फिनलंडमधल्या प्रयोगशाळांत काम करणाऱ्या बायकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस झायलीन हाताळणाऱ्यांमध्ये गर्भ पडण्याची शक्यता इतरांच्या सुमारे तिप्पट दिसली, फॉर्मॅलिनच्या बाबतीत साडेतीन पट. आकडे लहान होते, एका अभ्यासावर शेवटचा शब्द बोलता येत नाही. मान्य. पण मला सांगा, नुकसान सिद्ध होईस्तोवर पदार्थाला निर्दोष मानायचं आणि बाईला मात्र आधीच हलवायचं, हा न्याय कुठला?

मोजमापाचंही बघा. आपल्या कारखाने कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीनं हवेतल्या रसायनांच्या मर्यादा घातल्या गेल्या. झायलीनची आठ तासांची सरासरी शंभर पीपीएम. युरोपनं ती पन्नासवर आणली. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२१ मध्ये वीसची शिफारस केली. जी हवा काल चालत होती ती आज पाचपट वाईट ठरली. आणि आम्ही? एकवीस वर्षांत आमच्या खोलीत हवा मोजायचं यंत्र घेऊन एकही माणूस आलेला नाही. कायदा कारखान्यांचा, आम्ही पडलो रुग्णसेवेतले. सेवेला मोजमाप नसतं. कामगाराच्या अंगात किती झायलीन गेलं हे पाळी संपताना लघवी तपासून कळू शकतं. तिच्यात मिथाइलहिप्युरिक आम्ल उतरतं. दिवसभर लोकांची लघवी तपासणाऱ्या इस्पितळात आमची कधी तपासली गेली नाही.

आता त्या मायाळू नोटिशीकडे पुन्हा येते. हा विचार आमच्या साहेबांच्या डोक्यातून निघालेला नाही, त्याला मोठा इतिहास आहे. १९७८ साली अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या विलो आयलंड इथं अमेरिकन सायनामिड कंपनीच्या रंगाच्या कारखान्यात बायकांना सांगण्यात आलं की शिशाच्या विभागात राहायचं असेल तर मूल न होण्याची खात्री द्या. पाच बायकांनी नोकरीसाठी शस्त्रक्रिया करून घेतली. पुढे तो विभागच बंद झाला. १९८२ मध्ये जॉन्सन कंट्रोल्स या बॅटऱ्या बनवणाऱ्या कंपनीनं मूल होऊ शकणाऱ्या सर्वच बायकांना शिशाच्या कामातून बाद केलं, मग ती पन्नाशीला टेकलेली असो की मूल नकोच म्हणणारी. बायका आणि त्यांची युनियन कोर्टात गेली आणि २० मार्च १९९१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ते धोरण बेकायदा ठरवलं. होणाऱ्या मुलांच्या भल्याचा निर्णय त्यांच्या आईबापांचा, मालकाचा नव्हे, असं न्यायालयानं म्हटलं. शिसं पुरुषाच्या बीजालाही बाधतं याचा पुरावा समोर होता, पण पुरुषांना कुणी हलवलं नव्हतं. त्यांना हलवलं असतं तर कारखाना चालवला कुणी असता?

आमच्याकडेही तेच. झायलीन गाळायचं काम मामा करतात. त्यांच्या डोकेदुखीवर नोटीस निघालेली नाही. लादी पुसणाऱ्या मावशींचं वय झालं, त्यांना मूल होणार नाही, म्हणजे त्यांना वास घेण्याची कायमची परवानगी! बाईच्या शरीराची काळजी फक्त पोटातल्या जिवापुरती, तो नसेल तर ती नुसती कामाची वस्तू.

शिवाय हलवण्यानं काहीच साधत नाही. गर्भाचे अवयव तयार होतात ते पहिल्या दोन-तीन महिन्यांत, जेव्हा पुष्कळदा खुद्द बाईलाही पत्ता नसतो. आपला कायदाही या बाबतीत उशिरा उठणारा. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यानं बाईच्या विनंतीवरून जड किंवा गर्भाला बाधक कामातून सूट दिली, ती प्रसूतीआधीचे सहा आठवडे आणि त्याअगोदरचा एक महिना. म्हणजे सातवा सरत आल्यावर. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच रचना उतरवून घेतली आहे. बैल गेला नि झोपा केला. आणि बाई रिसेप्शनवर गेली तरी झायलीन जागच्या जागी राहतं, तिच्या खुर्चीवर दुसरी बाई येते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय?

नोटिशीवर बोट ठेवलं की पुढचं उत्तर ठरलेलं, मास्क घाला. कोणता? तोच निळा कापडी-कागदी मास्क, जो थुंकीचे थेंब अडवायला बनलेला आहे. वाफ त्यातून सरळ आत येते. हातमोजे? लॅटेक्समधून झायलीन काही मिनिटांत पार होतं, नायट्रिलही फार वेळ टिकत नाही. पंखा? आमचा एक्झॉस्ट छताला चिकटून आहे आणि झायलीनची वाफ हवेपेक्षा साडेतीन पटींहून जड. ती खाली साचते, नेमकी बसून काम करणाऱ्या बाईच्या नाकाच्या उंचीवर. एसीचं तर विचारूच नका, तो तीच हवा थंड करून परत देतो. कामाच्या सुरक्षेचं शास्त्र गेली कित्येक दशकं एक क्रम सांगत आलं आहे. आधी विष काढून टाका, नाही जमलं तर त्याजागी सौम्य काही आणा, मग यंत्रं आणि हवा सुधारा, मग कामाच्या पाळ्या बदला, आणि सगळ्यांत शेवटी माणसाच्या तोंडावर काही बांधा. आमच्याकडे सुरुवातच शेवटापासून, कारण तोंड बाईचं आणि मास्क स्वस्त.

तर मग सौम्य काही आहे का? आहे, आणि बरंच आहे. संत्र्याच्या सालीपासून काढलेलं लिमोनिन अनेक वर्षं बाजारात आहे. सगळी लॅब संत्र्यासारखी दरवळते. पण 'नैसर्गिक' शब्दाला भुलू नका. उघडं राहिलेलं लिमोनिन हवेशी संयोग पावतं आणि त्यानं कातडीला ॲलर्जी होते. एका त्वचारोगातून सुटून दुसऱ्यात जायचं असेल तर गोष्ट वेगळी. दुसरी जात म्हणजे पेट्रोलियममधूनच आलेली, पण झायलीनसारखी सुगंधी कड्यांची नसलेली, मंद वासाची आयसोपॅराफिन द्रावणं. वाफ कमी, पेट घेण्याचं तापमान जास्त. खोट एवढी की ती पाण्याचा थेंब सहन करत नाहीत. आधीचं अल्कोहोल खरोखर शुद्ध लागतं, कालचंच आज चालवायची सवय मोडावी लागते. तिसरी वाट म्हणजे मध्यस्थच वगळायचा. आयसोप्रोपिल अल्कोहोल गरम मेणात बऱ्यापैकी मिसळतं. मायक्रोवेव्ह किंवा व्हॅक्यूमच्या यंत्रात तुकडा त्यातून थेट मेणात जाऊ शकतो. ते सहज पेटतं हे मात्र विसरून चालत नाही. स्वीडनमधल्या काही प्रयोगशाळांनी २००१ साली संपूर्ण पद्धतच झायलीनशिवाय करून दाखवली. तुकड्यासाठी आयसोप्रोपिल आणि खनिज तेल, आणि काचपट्टीवरचं मेण काढायला काय वापरलं असेल? भांडी घासायचा साबण! पावणेदोन टक्क्यांच्या आसपास पातळ केलेला आणि तापवलेला. आपल्याकडच्या मुखविकृतिशास्त्राच्या नियतकालिकात २०११ मध्ये साबणाची आणि २०१४ मध्ये खोबरेल तेलाची तुलना झायलीनशी करून छापली गेली, आणि दोन्ही कामाला येतात असा निष्कर्ष निघाला. म्हणजे जे आपल्या मोरीत आणि फडताळात आहे त्यानं गाठीचं निदान होऊ शकतं. हे वाचून आमच्याकडे एक साहेब म्हणाले, "आता लॅबचं स्वयंपाकघर करायचं का?" बाई, स्वयंपाकघरातल्या वस्तूला शास्त्रात केवढी बंदी! खोबरेल चोवीस अंशांच्या आसपास थिजतं, पुण्याच्या थंडीत ते गरम ठेवावं लागेल. ही खरी अडचण आहे, तिच्यावर बोलू. पण ती स्वयंपाकघरातून आलं ही अडचण नव्हे.

विरोधाचं सर्वांत वजनदार कारण दिलं जातं ते दर्जाचं. काप नीट आला नाही, रंग मळका आला, आणि कर्करोग हुकला तर? हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्या टोकाला बहुधा एक बाईच आहे, छातीत गाठ असलेली. म्हणूनच आम्ही मागल्या पावसाळ्यात स्वतः करून पाहिलं. एकाच नमुन्याचे दोन तुकडे, एक झायलीनमधून, एक आयसोपॅराफिनमधून. काचपट्ट्यांवर फक्त आकडे, कुठली कशातली हे डॉक्टरांना ठाऊक नाही. पहिल्या आठवड्यात आमची फजिती झाली. स्तनाच्या तुकड्यात चरबी फार, ती नव्या द्रावणात लवकर निघेना, ब्लॉक मऊ राहिले, काप फाटले. वेळ वाढवला, शेवटचं अल्कोहोल दर दिवशी ताजं घेतलं, तुकडे पातळ कापायला डॉक्टरांना विनंती केली. तिसऱ्या आठवड्यापासून डॉक्टरांना फरक ओळखता येईना. त्यांपैकी एकांनी चांगल्या म्हणून बाजूला काढलेल्या पट्ट्यांत निम्म्याहून अधिक नव्या निघाल्या. ते जरा नाराज झाले, पण त्यांनी तसं लिहून दिलं, हे त्यांच्याबद्दल सांगितलं पाहिजे.

उरला पैसा. नवं द्रावण लिटरमागे महाग आहे, नाकारत नाही. पण हिशेब नेहमी बाटलीचाच का होतो? आमची गेलेली अर्ध्या दिवसाची रजा, कातडीवरची मलमं, अकरा महिन्यांनी नव्या मुलीला पहिल्यापासून शिकवण्याचे दिवस, हे कुठल्याच वहीत चढत नाही. शिवाय सगळं एकदम बदला असं कुणी म्हणत नाही. पट्टीवरचं मेण काढायचं काम आधी साबणावर न्या, त्याला नवं यंत्र लागत नाही. भांड्यांना झाकणं लावा. बोळ्यानं ओटा पुसणं उद्यापासून बंद करा. यासाठी समिती लागते का? तरी समिती झाली, आणि तिच्यात ब्लॉक कापणारी एकही बाई नाही.

दोष साहेबांवर टाकून मी मोकळी होणार नाही. आमच्या युनियनला मी हे तीनदा सांगितलं. महागाई भत्त्याच्या मागणीपुढे 'वासाची तक्रार' त्यांना किरकोळ वाटली. आणि मैत्रिणींनो, आपण तरी काय केलं? विडीची तंबाखू, शेतातली फवारणी, भट्टीवरचा धूर, हे आपण बोललो, बोललंच पाहिजे. पण पांढरा ॲप्रन दिसला की ही शिकलेली, पगारदार, हिचं काय दुखतंय, असं आपल्याही मनात येतं. १९९७ च्या विशाखा निकालानंतर 'कामाची सुरक्षित जागा' हे शब्द आपण लढून मिळवले आणि त्यांचा अर्थ फक्त लैंगिक छळापुरता ठेवला. त्याच्या दोन वर्षं आधी, १९९५ मध्ये, ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं कामगाराचं आरोग्य हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला होता. तो निकाल आपल्या किती शिबिरांत वाचला गेला? मीही तो वाचला उशिराच, आणि तोही पुरुष सहकाऱ्यानं दाखवला म्हणून.

सध्याची स्थिती अशी. साबणाची पद्धत आमच्याकडे सुरू झाली आहे. नव्या द्रावणाचा प्रस्ताव खरेदी विभागात आहे, तिथून तो दोनदा 'औचित्य स्पष्ट करावे' असा शेरा घेऊन परत आला. तिसऱ्यांदा पाठवताना आम्ही सोबत आंधळ्या चाचणीचा तक्ता, डॉक्टरांचं पत्र आणि अकरा जणींच्या सह्या जोडल्या, मामांची आणि मावशींचा अंगठा धरून तेरा. त्याच अर्जात दुसरी मागणी आहे, की फळ्यावरची नोटीस काढावी आणि तिथं झायलीनच्या बाटलीवरची धोक्याची सूचना मराठीत मोठ्या अक्षरात लावावी. पोच मिळाली आहे, उत्तर यायचं आहे.

तुमच्यापैकी कुणी, किंवा तुमची मुलगी, सून, भाची, अशा लॅबमध्ये असेल तर तिला तीन गोष्टी विचारून आम्हाला कळवा. एक्झॉस्ट छतावर आहे की टेबलाच्या पातळीवर, वापरलेलं झायलीन मोरीत ओततात की वेगळ्या कॅनमध्ये साठवतात, आणि दिवस गेल्याचं तिनं तिथं कुणाला सांगितलं होतं का. नाव-गाव लिहिलं नाही तरी चालेल.